वाईनमध्ये पैसे गुंतवायचा फोन आलाय? आधी गोदामाला विचारा

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना, त्यातही रिटायरमेंटच्या आसपासच्यांना, कधी ना कधी असा एक फोन येतो. माणूस गोड बोलतो, तुमचं नाव घेऊन बोलतो, पहिल्या फोनला तरी अजिबात घाई करत नाही, आणि सांगतो की बँकेत पैसे ठेवून तुम्हाला मिळतंय काय, त्यापेक्षा फ्रान्समधल्या बोर्दोची भारी वाईन घ्या, पेटी गोदामात शांत पडून राहील, पाच-सात वर्षांनी दुप्पट होईल आणि वर टॅक्स शून्य.

यातलं बरंचसं खरं असतं हो, खरी गोची तीच आहे. बोर्दो, बर्गंडी, शॅम्पेन यातल्या निवडक वाईनचा जुना, खराखुरा बाजार आहे. लंडनमध्ये लिव्ह-एक्स नावाचं एक्स्चेंज २००० सालापासून आहे, तिथे व्यापारी आपसात पेट्या घेतात-विकतात आणि त्यावरून इंडेक्स निघतो. लंडनचे काही वाईन मर्चंट तर शेकडो वर्षांचे आहेत, बेरी ब्रदर्स अँड रड १६९८ चे. पण बाजार खरा आहे म्हणून तुम्हाला फोन करणारा खरा ठरत नाही. २०१९ मध्ये सांगली भागात कडकनाथचं प्रकरण झालं तेव्हा कोंबडी खरीच होती ना, लोकांनी डोळ्यांनी बघितली होती, गंडलं होतं ते 'आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ' हे आश्वासन. वाईनमध्ये तर माल डोळ्यांनी बघायलाही मिळत नाही, तो कुठल्यातरी गोदामात असतो, म्हणजे असतो असं सांगतात.

म्हणून या सगळ्या लेखात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी चालेल : माल आहे का आणि कोणाच्या नावावर आहे, हे गोदामाला विचारायचं, आणि ते पैसे द्यायच्या आधी विचारायचं.

गंडवतात कसं, ते आधी

सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे महाग विकणं. वाईन खरी, गोदाम खरं, पेटी तुमच्या नावावर, फक्त बाजारात पंधराशे पाउंडाला मिळणारी पेटी तुम्हाला अठ्ठावीसशेला चिकटवलेली. हा प्रकार सगळ्यात त्रासदायक, कारण कायद्याने याला फसवणूक म्हणायला लावणं फार अवघड जातं, महाग विकणं हा काही गुन्हा नाही.

दुसरा, माल नसतानाच विकणं. याचं गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं, प्रीमियर क्रू नावाचं दुकान. मालक जॉन फॉक्स 'अजून यायची आहे' अशी वाईन आगाऊ पैसे घेऊन विकायचा, आणि नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याचा माल आणून द्यायचा. जानेवारी २०१६ मध्ये दुकानाने दिवाळखोरी जाहीर केली, त्याच वर्षी फॉक्सने गुन्हा कबूल केला आणि साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. आकडा साधारण साडेचार कोटी डॉलरचा. यात एक गोष्ट लक्षात घ्या, तो महाग विकत नव्हता, इतरांपेक्षा स्वस्त विकत होता, म्हणून शिकलेसवरलेले, वाईनमधलं कळणारे लोकही अडकले. स्वस्त मिळतंय म्हणजे सुरक्षित आहे असं काही नसतं.

तिसरा प्रकार नकली बाटलीचा. रूडी कुर्निआवान कॅलिफोर्नियातल्या घरी स्वस्त वाईन मिसळून त्यावर जुनी लेबलं लावायचा आणि न्यूयॉर्कच्या लिलावात लाखो डॉलरला विकायचा. २००८ मध्ये बर्गंडीचे निर्माते लोराँ पोन्सो स्वतः लिलावाला हजर झाले, कारण त्यांच्या घराण्याच्या नावाची क्लो सँ-दनी वाईन १९४५ पासूनच्या सालांची म्हणून विकायला निघाली होती आणि ती वाईन त्यांच्याकडे बनायला लागली १९८० च्या दशकात! २०१२ मध्ये रूडीला अटक झाली, २०१४ मध्ये १० वर्षांची शिक्षा. पण खरं सांगायचं तर तुमच्या-माझ्यासारख्याला नकली बाटलीची भीती कमी, ती करोडपतींची डोकेदुखी. आपल्याला भीती आहे ती फोनची.

चौथा प्रकार जरा आडवळणाचा, त्यात वाईन विकत नाहीत, वाईन तारण ठेवून कर्ज द्या म्हणतात. म्हणजे श्रीमंत लोकांना त्यांच्या वाईनवर कर्ज हवंय, तुम्ही पैसे द्या, दर तिमाहीला व्याज घ्या, वाईन तारण आहेच. बोर्दो सेलर्स नावाच्या धंद्याबद्दल अमेरिकेत ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात २०२२ मध्ये नेमका हाच आरोप ठेवला गेला, रक्कम ९ कोटी ९० लाख डॉलर, आणि सरकारी वकिलांचं म्हणणं असं की ते श्रीमंत कर्जदारही नव्हते आणि ती वाईनही नव्हती.

आता कामाचं.

पहिली पायरी : फोनवर काहीही ठरवायचं नाही

अशा ऑफिसमधली कामाची वाटणी समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी ऐकताना हसू येईल. पहिला फोन करणारा फक्त ओळख काढतो आणि माहितीपत्रक पाठवू का विचारतो, त्याला बाकी काही नको असतं, फक्त तुम्ही 'पाठवा' म्हणायला हवं. दुसरा फोन 'सीनियर ब्रोकर'चा, तो व्यवहार पक्का करतो. आणि तिसरा, सगळ्यात डेंजर, महिन्या-दोन महिन्यांनी येतो, सांगतो की तुमची पेटी आत्ताच बारा टक्के वाढली, आता मोठी संधी आली आहे, पण ती फक्त आमच्या जुन्या क्लायंटला. पहिली खरेदी छोटी आणि व्यवस्थित होऊ देतात ती याच तिसऱ्या फोनसाठी. ते बारा टक्के म्हणजे त्यांच्याच वेबसाइटवर त्यांनीच टाइप केलेला आकडा असतो, बाकी काही नाही.

घाई लावायची वाक्यं ठरलेली. 'सहाच पेट्या उरल्यात', 'पाच वाजेपर्यंतच होल्ड करू शकतो', 'चिनी खरेदीदार घ्यायला बसलाय'. ब्रिटनमध्ये ऑफर फक्त थोडाच वेळ आहे असं खोटं सांगून गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ न देणं कायद्याने सरळ बंद आहे. आधी ते २००८ च्या नियमांत होतं, एप्रिल २०२५ पासून डिजिटल मार्केट्स, कॉम्पिटिशन अँड कन्झ्युमर्स ॲक्ट २०२४ मध्ये आहे. अर्थात कायदा त्याच्या कानाशी बसलेला नसतो, म्हणून वाक्य आपलं तयार हवं. भांडायचं नाही, समजावत बसायचं नाही, एवढंच म्हणायचं : मी फोनवर काही विकत घेत नाही, जे आहे ते लेखी पाठवा, गोदामाचं नाव आणि पेटीचा नंबर त्यात टाका. आणि ठेवून द्यायचा. आपल्या लोकांना फोन मध्येच ठेवणं उद्धट वाटतं, समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं असं वाटतं, आणि हे त्याला बरोबर माहीत असतं. इथे उद्धट व्हा.

काही जण पुढे जाऊन सांगतात की बँकेने विचारलं तर घराच्या कामासाठी पैसे पाठवतोय असं सांगा, उगाच प्रश्न नकोत. हे वाक्य ऐकलं की विषय संपला, पुढची एकही पायरी वाचायची गरज नाही. बँकेशी खोटं बोलायला लावणारा प्रामाणिक व्यापारी जगात नसतो.

घरात आई-वडील एकटे राहत असतील तर त्यांचा लँडलाइन टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिसमध्ये (सेल्सचे फोन नकोत म्हणणाऱ्यांची यादी) फुकट रजिस्टर होतो तो करून टाका. चोर ते पाळणार नाहीत हे उघड आहे, पण त्याचा फायदा वेगळा, रजिस्टर केल्यावरही सेल्सचा फोन आला तर तो नियम मोडणाराच आहे एवढं आईला एका वाक्यात सांगता येतं.

दुसरी पायरी : कंपनी कोण आहे

कंपनीज हाउस, म्हणजे ब्रिटनमधल्या कंपन्यांची सरकारी नोंदवही, त्यांच्या वेबसाइटवर जा, सगळं फुकट आहे. कंपनी कधी सुरू झाली, आधी नाव काय होतं, हिशेब वेळेवर भरलेत का हे बघा, आणि मग डायरेक्टरच्या नावावर क्लिक करा, तिथे त्याच्या बाकीच्या कंपन्या दिसतात. दर दोन-तीन वर्षांनी एक वाईन कंपनी बंद आणि तशीच दुसरी सुरू, असं दिसलं तर समजून जा. वेबसाइटवर 'तीन दशकांचा अनुभव' आणि कंपनी मात्र अठरा महिन्यांची, हेही सर्रास. मेफेअरचा पत्ता बघून भारावून जाऊ नका, महिन्याला थोडे पैसे भरले की तिथल्या पत्त्यावर पत्रं घ्यायची सोय कोणालाही मिळते.

पण कंपनीज हाउसवर नाव आहे म्हणजे सरकारने पास केलंय असं समजू नका, ते फक्त रजिस्टर आहे. डायरेक्टरची ओळख तपासायची सक्तीच मुळात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली.

मग एफसीए, म्हणजे तिथली आर्थिक क्षेत्रावर देखरेख करणारी संस्था. इथे बहुतेकांचा घोळ होतो. वाईनची पेटी विकत घेणं हा एफसीएच्या देखरेखीखालचा व्यवहारच नाही. म्हणजे प्रामाणिक मर्चंटही तिथे वाईनसाठी नोंदलेला नसतो, आणि व्यवहार फसला तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी सोडवणारी संस्था) किंवा एफएससीएसकडे (बँक वगैरे बुडाली तर भरपाई देणारी योजना) सहसा जाता येत नाही. बँक बुडाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे परत मिळतात, तसलं संरक्षण इथे शून्य. त्यामुळे 'आम्ही एफसीए रजिस्टर्ड आहोत' असं कोणी ठासून सांगितलं तर उलट जास्त खोदायचं, कशासाठी रजिस्टर्ड? कधी ते हप्त्यावर माल द्यायच्या परवानगीबद्दल असतं, कधी दुसऱ्याच कंपनीचा नंबर ढापलेला असतो. तसंच एचएमआरसीचा, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याचा, दारूच्या घाऊक विक्रीचा नोंदणी नंबर दाखवतात, तो कराच्या कारणासाठी आहे, तुमच्या पैशाची हमी म्हणून नाही. एफसीएची वॉर्निंग लिस्ट मात्र जरूर बघा, नाव तिथे सापडलं तर काम सोपं झालं, नाही सापडलं तर त्याचा अर्थ काहीच नाही.

एक अपवाद. तुमच्या नावावर पेटी न घेता सगळ्यांचे पैसे एकत्र करून कोणी 'फंड' चालवत असेल तर ती सामूहिक गुंतवणूक योजना होते आणि ती चालवायला एफसीएची परवानगी लागतेच. परवानगी नसेल तर तिथून उठा.

तिसरी पायरी : भाव

हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि निम्म्याहून जास्त लोक करत नाहीत असा माझा आपला अंदाज. वाईन-सर्चर नावाची साइट उघडा, वाईनचं नाव आणि साल टाका, शिवाय दोन-तीन जुन्या मर्चंटच्या साइटवर तीच वाईन बघा. तुलना करताना तीन गोष्टी सारख्या हव्यात. साल तेच, कारण २००९ आणि २०१३ ची एकाच शातोची (वाईन बनवणाऱ्या इस्टेटीची) वाईन म्हणजे भावात जमीन-अस्मानाचा फरक. बाटल्या तेवढ्याच, पेटी बाराची की सहाची, कारण सहाच्या पेटीचा भाव बाराच्या शेजारी ठेवून 'बघा किती स्वस्त' म्हणणारे आहेत. आणि भाव 'इन बॉन्ड' आहे की कर भरलेला. इन बॉन्ड म्हणजे माल सरकारमान्य बॉन्डेड गोदामात आहे, ड्यूटी आणि २० टक्के व्हॅट अजून भरलेला नाही, माल बाहेर काढताना भरायचा. गुंतवणुकीचे सगळे भाव इन बॉन्ड बोलतात.

आता मगाचचंच उदाहरण घेऊन गणित करू. बाजारभाव १,५०० पाउंड, तुम्ही दिले २,८००. नुसते घातलेले पैसे परत यायला भाव ८७ टक्के वाढला पाहिजे. विकताना मध्यस्थाने १० टक्के कमिशन घेतलं तर भाव ३,१०० च्या वर जायला हवा, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तेव्हा तुमचा नफा किती, तर शून्य. गोदामाचं भाडं आणि विमा वर्षाला पेटीमागे दहा-वीस पाउंड धरा, तो वेगळाच. आणि भाव नेहमी वर जातो हे तर साफ खोटं. चीनच्या मागणीने २०११ च्या मध्यापर्यंत बोर्दो आकाशाला भिडलं आणि मग काही वर्षं घसरत राहिलं, २०२२ च्या शरद ऋतूत पुन्हा लिव्ह-एक्सचा इंडेक्स शिखरावर गेला आणि त्यानंतर लांबलचक घसरण. सेल्सवाला दाखवतो तो ग्राफ कुठल्या वर्षी सुरू होतो आणि कुठल्या वर्षी थांबतो ते बघा, बरंच कळतं.

टॅक्स शून्य हेही अर्धवट. ब्रिटनमध्ये ज्या वस्तूचं आयुष्य पन्नास वर्षांपेक्षा कमी धरता येतं तिच्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स सहसा लागत नाही, हे बरोबर. पण ज्या वाईन पन्नास वर्षं टिकतात, काही पोर्ट वाईन तर त्याहून जास्त, त्यांच्याबाबतीत एचएमआरसी वेगळं म्हणू शकतं. अकाउंटंटला विचारा, ब्रोकरला नको.

चौथी पायरी : गोदाम

हीच मुख्य पायरी, भावाची सोडून बाकीच्या एक वेळ विसरलात तरी चालेल.

मर्चंट तुम्हाला सोनेरी कडा असलेलं सर्टिफिकेट देतो, त्यावर तुमचं नाव, वाईनचं नाव, सगळं झोकात. त्या कागदाची किंमत काय? १९७५ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात लंडन वाईन कंपनीचा निकाल लागला, वाईनच्या धंद्यातल्या वकिलांना तो तोंडपाठ असतो. गिऱ्हाइकांनी पूर्ण पैसे भरले होते, त्यांच्याकडे मालकीची सर्टिफिकेटं होती, काही जण गोदामाचं भाडंसुद्धा भरत होते. कंपनी बुडाली. आणि कोर्ट म्हणालं की ढिगातल्या नेमक्या कुठल्या पेट्या कोणाच्या हे कधी वेगळं केलेलंच नव्हतं, त्यामुळे मालकी गिऱ्हाइकांकडे गेलीच नाही. माल गेला कर्ज देणाऱ्या बँकेकडे. उलट १९९४ च्या स्टेपिल्टन फ्लेचर प्रकरणात गिऱ्हाइकांचा माल दुकानाच्या मालापासून वेगळ्या जागेत ठेवला होता आणि नोंदी नीट होत्या, तिथे गिऱ्हाइकं जिंकली. १९९५ मध्ये कायदा बदलला, आता ठरलेल्या ढिगातला हिस्सा पैसे भरलेल्याच्या मालकीचा होऊ शकतो, पण त्यासाठी मुळात ढीग असावा लागतो! माल आलेलाच नसेल तर कुठलाही कायदा कामाचा नाही.

म्हणून करायचं असं. मर्चंटकडून लेखी घ्या : गोदाम कुठलं, पेटीचा युनिक नंबर किंवा रोटेशन नंबर (गोदामाने त्या मालाला दिलेला नोंदीचा नंबर) काय, आणि ती माझ्या नावाच्या खात्यात राहील की तुमच्या. बर्टन-ऑन-ट्रेंटजवळची लंडन सिटी बॉन्डची व्हिनोथेक, किंवा विल्टशरमध्ये कॉरशमला जुन्या दगडाच्या खाणीत जमिनीखाली असलेलं ऑक्टेव्हियन, ही या धंद्यातली सगळ्यांना माहीत असलेली नावं. मग त्या गोदामाचा फोन नंबर तुम्ही स्वतः शोधा, मर्चंटच्या कागदावर छापलेला लावू नका, तो त्याच्याच टेबलावर वाजू शकतो. विचारा : ही कंपनी तुमच्याकडे माल ठेवते का? या नंबरची पेटी आहे का? माझ्या नावाने स्वतंत्र खातं उघडता येईल का?

गोदामवाले दुसऱ्याच्या खात्याची माहिती देत नाहीत, ते बरोबरच आहे. मग मर्चंटला सांगा की गोदामाला परवानगीचा मेल पाठव. प्रामाणिक माणसाला यात पाच मिनिटं जातात. टाळाटाळ, 'आमची सिस्टिम अपडेट होतेय', 'त्यांना त्रास देऊ नका', असं सुरू झालं की पैसे खिशातच ठेवायचे. सगळ्यात उत्तम व्यवस्था म्हणजे गोदामात तुमचं स्वतःचं खातं, भाड्याचं बिल थेट गोदामाकडून तुमच्या नावाने. माल त्या खात्यात आल्याची नोंद गोदामाकडून आली की मग पैसे, किंवा निदान त्याच आठवड्यात.

आँ प्रिमरचं काय? बोर्दोची पद्धत अशी की द्राक्षं काढल्यानंतरच्या वसंतात वाईन अजून पिंपात असतानाच ती विकायला काढतात, बाटली हातात यायला पुढे साधारण दोन वर्षं. पद्धत शंभर टक्के कायदेशीर, पण फसवणाऱ्याला ही म्हणजे सोन्याची खाण, दोन वर्षं कोणी मालाची चौकशीच करत नाही. आणि ब्रिटनमध्ये फोनवरून किंवा ऑनलाइन घेतलेल्या मालाला जी १४ दिवसांची रद्द करायची सवलत असते ना, तिच्यातून अशी वाईन खास वगळलेली आहे : भाव आज ठरला, डिलिव्हरी ३० दिवसांनंतरच होणार आणि किंमत बाजारावर हलणारी, असं असेल तर ती सवलत नाही. म्हणजे हो म्हणालात की अडकलात. माझं स्पष्ट मत, नवख्याने आँ प्रिमरच्या भानगडीत पडू नये, आणि पडायचंच तर दुकान निदान आधीची एक मंदी बघितलेलं असावं.

पाचवी : पैसे कसे द्यायचे

क्रेडिट कार्डने, शक्य असेल तर. एका वस्तूची किंमत १०० पाउंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ च्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही दुकानदाराइतकीच जबाबदार धरता येते, अगदी नुसतं डिपॉझिट कार्डाने भरलं असलं तरी. 'आम्ही कार्ड घेत नाही, फक्त बँक ट्रान्सफर' म्हणणाऱ्याला का ते विचारा. आणि पैसे दुसऱ्याच नावाच्या खात्यात, किंवा परदेशातल्या खात्यात मागितले तर विषय बंद. बँकेच्या ॲपमध्ये 'नाव जुळत नाही' असा इशारा येतो, तो लोक सवयीने पुढे ढकलतात, तो ढकलू नका.

ऑक्टोबर २०२४ पासून एक बरं झालंय, फसवून करायला लावलेल्या बँक ट्रान्सफरचे पैसे बँकांनी ८५,००० पाउंडांपर्यंत परत द्यायचे असा नियम आला, दोन्हीकडच्या बँका निम्मा-निम्मा भार उचलतात. पण तो फक्त ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्या खात्यात गेलेल्या पैशांना, शेवटच्या पेमेंटपासून १३ महिन्यांच्या आत तक्रार केली तर, आणि खरी फसवणूक असेल तरच. नुसतं महाग विकलं असेल तर बँक म्हणणार हा तुमचा आणि दुकानदाराचा वाद. म्हणूनच भावाची पायरी टाळू नका म्हणतोय.

आपल्यातलाच माणूस

हे जरा नाजूक आहे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकतं की मी यात पैसे घातलेत, छान रिटर्न दिसतोय. तो खोटं बोलत नसतो, त्याला वेबसाइटवर खरंच तसं 'दिसत' असतं. त्याला एकच विचारा, दादा, विकून पैसे बँकेत आलेत का? आले नसतील तर त्याला अजून काहीच माहीत नाहीये. आणि ओळखीवर कमिशन मिळतं का तेही विचारा, वाईट वाटलं तर वाटू दे.

भारतात राहणाऱ्यांना थोडक्यात : परदेशातली वाईन घ्यायला पैसे पाठवले तर ते परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस मर्यादेत, वर्षाला अडीच लाख डॉलर, पण त्या मर्यादेत पाठवता येतात म्हणजे गुंतवणूक कोणी तपासली असं नाही, आणि सेबी लंडनच्या गोदामातल्या पेटीसाठी काही करू शकत नाही. माझ्या मते इतक्या लांबून हे करूच नये. फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. अमेरिकेतल्यांनी असं समजू नये की हे ब्रिटनपुरतं आहे, ओहायोच्या फेडरल कोर्टात २०२२ मध्ये उभं राहिलेलं प्रकरण म्हाताऱ्या अमेरिकनांना फोनवरून वाईन आणि व्हिस्की विकण्याचंच होतं, एक कोटी तीस लाख डॉलरचं, आणि आरोपी ब्रिटिश.

व्हिस्कीचं नाव निघालंच आहे तर, सध्या तोच सगळा खेळ व्हिस्कीच्या पिंपांवर चालतो. पायऱ्या त्याच, फक्त गोदाम स्कॉटलंडमध्ये.

पैसे गेलेच असतील तर

आधी अजून एक पेनीही पाठवू नका, कारण काहीही असो. मग बँकेला फोन, ब्रिटनमध्ये १५९ फिरवलं की बऱ्याच मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाला जोडून देतात. त्याच दिवशी गोदामाला मेल करा, तुमच्या पेट्यांचे नंबर द्या, आणि माझ्या लेखी परवानगीशिवाय हा माल हलवू नका असं लिहा. माल खरंच तिथे असेल तर निम्मी लढाई जिंकलात. पोलिसांकडे नोंद इंग्लंड, वेल्सला राष्ट्रीय केंद्राकडे होते, आधी त्याला ॲक्शन फ्रॉड म्हणायचे, आता रिपोर्ट फ्रॉड, स्कॉटलंडमध्ये पोलिसांचा १०१ नंबर. मेल, कॉलच्या तारखा, सर्टिफिकेट, बँक स्टेटमेंट, सगळं एका फोल्डरमध्ये. कंपनी बुडीत निघाली असेल तर लिक्विडेटरला (बुडालेल्या कंपनीचा माल विकून देणी भागवणाऱ्याला) लिहिताना नुसतं 'माझे इतके पैसे येणं आहे' असं लिहू नका, 'या नंबरच्या पेट्या माझ्या मालकीच्या आहेत' असं लिहा आणि पुरावा जोडा, कारण पैसे मागणारे रांगेत शेवटी उभे राहतात आणि मालकाला त्याचा माल रांगेबाहेर मिळू शकतो.

घरच्यांना सांगा. लाज वाटते, मान्य, पण लपवलं की पुढचा फोनही माणूस एकट्यानेच घेतो.

आणि पुढचा फोन येतोच. फसलेल्यांची यादी विकली जाते. सहा महिन्यांनी कोणीतरी वकील, किंवा कोर्टाचा माणूस, किंवा परदेशी खरेदीदाराचा एजंट म्हणून फोन करतो, तुमच्या पेट्यांची नावं, तुम्ही दिलेली रक्कम, सगळं त्याला अचूक माहीत असतं, आणि सांगतो की तुमचा माल चढ्या भावाने घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त त्याला पूर्ण सेट हवाय, तेवढ्या चार पेट्या अजून घेऊन टाका, किंवा ट्रान्सफर फी, किंवा टॅक्स आधी भरा. खरा खरेदीदार फी तुमच्याकडून आगाऊ मागत नाही, ती विक्रीच्या रकमेतून वळती होते. त्याला एवढंच सांगा, पैसे आधी माझ्या बँकेत जमा कर, मग मी गोदामाला माल सोडायला लेखी सांगतो.